गुण, सुख आणि प्रमाण : प्राचीन ग्रीक लोकांच्या विचाराचा एक पाठ



चांगला मनुष्य कोणास म्हणावें आणि सुखी मनुष्य कोणास म्हणावें, हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहींत. प्रत्येक गांवच्या चावडीवर व पाणवठ्यावर त्यांचीं उत्तरें रोज दिलीं जातात. एखाद्याचें शेत पिकलें, मुलगा नोकरीस लागला, कौलारू घर उठलें, कीं लोक म्हणतात, "त्याचें नशीब उघडलें." दुसऱ्याचा बैल मेला, पोर आजारी पडलें, कीं म्हणतात, "त्याच्या कपाळींच सुख नाहीं." सुख म्हणजे कपाळावरची रेघ, आणि चांगुलपणा म्हणजे कोणाचें वांकडें न करणें, इतकाच अर्थ पुष्कळांच्या मनांत असतो.

ह्याच प्रश्नांचा ग्रीस देशांतील प्राचीन लोकांनीं फार बारकाईनें विचार केला. नव्या करारांत ज्यांस हेल्लेणी म्हटलें आहे तेच हे लोक, आणि नवा करार प्रथम त्यांच्याच भाषेंत लिहिला गेला. म्हणून त्यांचे विचार समजून घेणें आपणां सर्वांस, व विशेषेंकरून उपदेशकांस, उपयोगाचें आहे. त्यांत घेण्याजोगें पुष्कळ आहे आणि टाकण्याजोगेंहि आहे. तें दोन्ही आम्ही ह्या पाठांत दाखविणार आहों. वाचकांनीं तीन ग्रीक शब्द लक्षांत ठेवावे : अरेते म्हणजे गुण, एउदैमोनिया म्हणजे सुख, आणि सोफ्रोसुने म्हणजे संयम.

१. अरेते : कामांत उतरलेला गुण

अरेते ह्या शब्दाचें भाषांतर बहुधा 'सद्गुण' असें करितात. परंतु मूळ अर्थ त्याहून रुंद आहे. आजारी मनुष्य बरा होऊं लागला म्हणजे आपण म्हणतों, "औषधाचा गुण आला." ह्या वाक्यांत 'गुण' शब्दाचा जो अर्थ आहे, तोच अरेते ह्या शब्दाचा आहे. ज्या वस्तूचें जें काम, तें तिनें उत्तम प्रकारें केलें, तर तिच्या अंगीं अरेते आहे असें ग्रीक लोक म्हणत. प्लेटो नांवाच्या तत्त्ववेत्त्यानें द्राक्षवेल छाटण्याच्या कोयतीचा दृष्टांत घेतला आहे. वेल दुसऱ्या सुरीनेंहि कापतां येईल. परंतु जी कोयती त्याच कामाकरितां घडविली ती तें काम सर्वांत चांगलें करील, आणि तोच तिचा गुण. डोळ्याचा गुण नीट दिसणें, घोड्याचा गुण नीट धांवणें. मग मनुष्याचें, मनुष्य म्हणून, काम कोणतें? ह्या प्रश्नापासून त्यांच्या नीतिविचाराचा आरंभ होतो.

अगदीं जुन्या काळीं ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटे. होमर कवीच्या काव्यांत अरेते बहुधा योद्ध्याच्या अंगीं असते. जो रणांत पुढें, जो कुळानें थोर, तो उत्तम. परंतु इ. स. पूर्वीं सुमारें ७०० च्या सुमारास हेसिओड नांवाचा एक कवि झाला, तो शेतकरी होता. बिओशिया प्रांतांतील आस्क्रा नांवाच्या खडकाळ गांवीं त्याचें शेत होतें. बापाच्या मिळकतीच्या वांटणीवरून त्याचा व त्याच्या पेर्सेस नांवाच्या भावाचा तंटा झाला, आणि भावानें लांच देऊन न्यायाधीशांस आपल्या बाजूस वळविलें, अशी त्याची तक्रार आहे. असले तंटे आपल्या वाचकांस अपरिचित नाहींत. हेसिओडनें त्या भावास उद्देशून एक काव्य रचिलें. त्यांत नांगरणी केव्हां करावी, पेरणी केव्हां, कापणी केव्हां, हें सर्व सांगून तो भावास समजावितो कीं, गुणाचा मार्ग लांब व चढाचा आहे. देवांनीं त्याच्या वाटेवर घाम ठेविला आहे. आरंभीं तो खडतर लागतो, वर पोहोंचल्यावर सोपा होतो. येथें प्रथमच रणांगणांतील गुण नांगराच्या मागें चालूं लागला. ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. पुढें तिचें काम पडणार आहे.

२. एउदैमोनिया : सुख म्हणजे काय?

एउदैमोनिया ह्या शब्दाची फोड केली तर 'ज्याचें दैवत चांगलें तो' असा अर्थ निघतो. म्हणजे प्रारंभीं ग्रीक लोकहि आपल्याप्रमाणेंच सुखास नशिबाची गोष्ट समजत. हा समज कसा हालूं लागला तें दाखविणारी एक प्रसिद्ध गोष्ट हिरोडोटस नांवाच्या इतिहासकारानें लिहून ठेविली आहे.

लिडिया देशाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागाचा, राजा क्रीसस अत्यंत धनवान होता. अथेनै येथील शहाणा कायदेकर्ता सोलोन त्याच्याकडे आला, तेव्हां राजानें त्यास आपलीं भांडारें दाखविलीं आणि विचारिलें, "तुझ्या पाहण्यांत सर्वांत सुखी मनुष्य कोण?" राजास वाटलें, तो माझेंच नांव घेईल. सोलोननें तेल्लस नांवाच्या एका साध्या अथेनैकराचें नांव घेतलें. त्याचीं मुलें चांगलीं निघालीं, त्यानें नातवंडें पाहिलीं, आणि गांवाच्या रक्षणाकरितां लढतांना त्यास मरण आलें. राजानें विचारिलें, "त्याच्या खालोखाल कोण?" सोलोननें आर्गस येथील क्लेओबिस व बितोन ह्या दोघां भावांचीं नांवें सांगितलीं. त्यांच्या आईस सणाच्या दिवशीं देवळांत जावयाचें होतें. बैल रानांतून वेळेवर आले नाहींत. तेव्हां दोघां भावांनीं जूं आपल्या खांद्यांवर घेतलें आणि आईची गाडी सुमारें पांच मैल ओढून नेली. सर्व लोकांनीं त्यांची वाखाणणी केली, आणि त्याच रात्रीं देवळांत झोपलेले ते दोघे भाऊ शांतपणें मरण पावले. राजा रागावला. सोलोन म्हणाला कीं, शेवट पाहिल्यावांचून कोणास सुखी म्हणूं नये. पुढें इ. स. पूर्वीं सुमारें ५४६ मध्यें पारसाचा राजा कोरेश, ज्याचें नांव आपण एज्राच्या पुस्तकांत वाचतों, त्यानें क्रीससचें राज्य घेतलें. सोलोन व क्रीसस ह्यांच्या काळाचा मेळ नीट बसत नसल्यामुळें पुष्कळ इतिहासकार ही भेट खरी मानीत नाहींत. परंतु ग्रीक लोकांचा विचार कोणत्या दिशेनें चालला होता, तें हिच्यावरून स्पष्ट कळतें. सुख भांडारांत नाहीं, तें सबंध आयुष्याच्या आकारांत आहे.

हा विचार पूर्णत्वास नेणारा पुरुष ॲरिस्टॉटल होय. तो इ. स. पूर्वीं ३८४ मध्यें स्तागिरा गांवीं एका वैद्याच्या घरीं जन्मला. सतराव्या वर्षीं तो अथेनै येथें प्लेटोकडे शिकावयास गेला व वीस वर्षें तेथें राहिला. पुढें तो अलेक्झांडर, म्हणजे शिकंदर, ह्याचा शिक्षक झाला; नंतर त्यानें अथेनै येथें स्वतःची शाळा काढिली, आणि इ. स. पूर्वीं ३२२ मध्यें तो वारला. नीतिविषयावर त्याचा दहा भागांचा एक ग्रंथ आहे. त्यांत तो म्हणतो कीं, सर्वांस सुख पाहिजे ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो सुख कशांत आहे ह्याविषयीं. कोणी चैनींत म्हणतो, कोणी मानांत, कोणी पैशांत. आणि तोच मनुष्य आजारी असतां आरोग्यांत म्हणतो व दरिद्री झाला म्हणजे धनांत. ॲरिस्टॉटलचें उत्तर असें कीं, बुद्धीनें विचार करून वागणें हें मनुष्याचें खास काम आहे. तें काम आयुष्यभर गुणानें करणें हेंच सुख. म्हणजे सुख ही मिळण्याची वस्तु नसून करण्याची गोष्ट आहे. मित्र, आरोग्य, थोडीबहुत मिळकत ह्यांची गरज तो नाकारीत नाहीं. मोठ्या आपत्तींनीं सुखास धक्का बसतो हेंहि तो कबूल करितो. परंतु चांगला चर्मकार जसा हातीं आलेल्या कातड्यांतून होईल तितका चांगला जोडा करितो, तसा चांगला मनुष्य आलेल्या प्रसंगांतून होईल तितकें चांगलें आचरण करितो, असें त्याचें म्हणणें आहे.

३. गुण अंगीं कसा येतो?

येथें उपदेशकांनीं विशेष लक्ष द्यावें. ॲरिस्टॉटल म्हणतो कीं, आचरणाचा गुण जन्मतः येत नाहीं आणि केवळ ऐकूनहि येत नाहीं. तो संवयीनें येतो. घर बांधतां बांधतां गवंडी होतो. वाद्य वाजवितां वाजवितां वाजविणारा होतो. तसाच न्यायाचीं कामें करितां करितां मनुष्य न्यायी होतो, आणि धैर्याचीं कामें करितां करितां धीट. दगड दहा हजार वेळां वर फेंकला तरी त्यास वर जाण्याची संवय लागत नाहीं. मनुष्यास मात्र संवय लागते, हीच त्याची थोरवी व हाच त्याचा धोका. कारण वाईट बांधकाम करितां करितां वाईट गवंडीहि होतो.

जे लोक नीतीच्या गोष्टी ऐकतात, मान डोलावितात, आणि आपण चांगले झालों असें समजतात, त्यांस तो एका रोग्याची उपमा देतो. तो रोगी वैद्याचें बोलणें मन लावून ऐकतो, परंतु सांगितलेलें कांहींच करीत नाहीं. अशा ऐकण्यानें शरीर बरें होत नाहीं, तसें मनहि होत नाहीं. म्हणून मुलांस लहानपणापासून कशाची संवय लागते ह्याचा फरक थोडाथोडका नाहीं, सर्व फरक त्यांतच आहे, असें त्याचें मत होतें.

४. प्रमाण : वस्ताद आणि पैलवान

डेल्फी येथील अपोलोच्या देवळावर दोन लहान बोधवाक्यें कोरिलेलीं होतीं. एकाचा अर्थ, मनुष्यानें आपणांस ओळखावें. दुसऱ्याचा, कशाचाहि अतिरेक करूं नये. दुसरें वाचतांच आपल्या वाचकांस "अति तेथें माती" ही म्हण आठवेल. परंतु ॲरिस्टॉटल ह्या म्हणीच्या पुढें एक पाऊल जातो. तो म्हणतो, जशी अति वाईट तशी उणीवहि वाईट. गुण हा त्या दोहोंच्या मधला आहे. भित्रेपणा व अविचारी धाडस ह्यांच्या मध्यें धैर्य. कंजूषपणा व उधळेपणा ह्यांच्या मध्यें उदारपणा. ज्यानें लग्नाकरितां कर्ज काढून जमीन गहाण टाकिली तो उदार नव्हे, आणि ज्यानें आजारी आईच्या औषधासहि पैसा सोडिला नाहीं तो काटकसरी नव्हे.

हा मध्य सर्वांस एकच आहे काय? नाहीं. ॲरिस्टॉटलनें तालमीचा दृष्टांत दिला आहे. दहा मीना (सुमारें सवाचार किलो) अन्न फार झालें व दोन मीना फार थोडें झालें, म्हणून वस्ताद सर्वांस सरसकट सहा मीना देत नाहीं. मिलो नांवाच्या नामांकित पैलवानास सहा मीना थोडेच, आणि तालमींत नुकत्याच आलेल्या पोरास तेच फार. म्हणून मध्य म्हणजे हिशेबाचा अर्धा भाग नव्हे, तर ज्याला त्याला, त्या त्या वेळीं, योग्य तें. राग येणें सोपें आहे. परंतु योग्य मनुष्यावर, योग्य वेळीं, योग्य कारणानें, योग्य तितकाच रागावणें हें अवघड आहे. अन्याय पाहूनहि ज्यास कधींच राग येत नाहीं, त्यास तो गुणी म्हणत नाहीं.

आणखी एक चूक टाळिली पाहिजे. कोणी म्हणेल, "मध्य चांगला, तर थोडी चोरी केली तर काय बिघडलें?" ॲरिस्टॉटल स्पष्ट सांगतो कीं, चोरी, व्यभिचार, खून ह्यांस मध्य नाहीं; तीं कृत्यें मुळांतच वाईट आहेत. आणि आपला स्वभाव ज्या बाजूस कलतो त्याच्या उलट बाजूस मनुष्यानें आपणांस ओढावें. वांकडें लांकूड सरळ करणारा तें उलट बाजूस वांकवितो, तसें.

आतां सोफ्रोसुने, म्हणजे खाणें, पिणें व शरीराचे भोग ह्यांतील संयम. येथें ॲरिस्टॉटलनें एक बारीक भेद केला आहे. तो आपल्या गांवांतील उदाहरणानें सांगूं. चार मनुष्यें दारूच्या गुत्त्यावरून जातात. पहिल्याचा पाय तिकडे वळतच नाहीं. त्याची इच्छाच ताळ्यावर आली आहे. ही सोफ्रोसुने. दुसऱ्यास फार इच्छा होते, परंतु तो दांत आवळून पुढें जातो. हा निग्रह, ग्रीक भाषेंत एंक्रातेया. तिसऱ्यास कळतें कीं आंत जाऊं नये, तरी तो जातो व मागून पश्चात्ताप करितो. चौथा खुशाल जातो आणि त्यांत वाईट काय तें त्यास कळत नाहीं. ॲरिस्टॉटल म्हणतो, तिसरा व चौथा सारखे नव्हेत. ज्यास पश्चात्ताप होतो तो सुधारण्याजोगा आहे. मंडळींत जो पुन्हा पुन्हा पडतो व पुन्हा पुन्हा रडतो, त्यास निर्लज्जांच्या ओळींत बसविण्यापूर्वीं आपण हा भेद ध्यानांत आणावा.

५. ह्या विचारांतील मोठें वैगुण्य

इतकें शहाणपण ज्या पुरुषानें सांगितलें, त्यानेंच एक मोठें दार बंद केलें. राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, उत्तम नगरांत कारागीर, व्यापारी व शेतकरी ह्यांस नागरिक करूं नये. कारण गुण वाढण्यास फुरसत लागते व ती त्यांस नसते. जमीन नांगरण्याचें काम दासांनीं करावें. कांहीं मनुष्यें स्वभावानेंच दास असतात, त्यांस स्वतः विचार करून ठरविण्याची शक्तिच नाहीं. आणि स्त्रियांच्या ठायीं ती असली तरी तिचा अधिकार चालत नाहीं, असें त्यानें लिहिलें. मरतांना त्यानें मृत्युपत्रांत आपल्या कांहीं दासांस मुक्त करण्याची व्यवस्था केली. तरी ग्रंथांतील अक्षरें पुसलीं गेलीं नाहींत.

वाचकहो, हें वाचून आपल्या मनास काय वाटतें? जे उन्हातान्हांत नांगर धरितात, ज्यांच्या वाडवडिलांस "तुमचा जन्मच असल्या कामाकरितां" असें शतकानुशतकें ऐकविलें गेलें, त्यांस हा युक्तिवाद नवा नाहीं. परंतु ॲरिस्टॉटलचें खंडन ॲरिस्टॉटलच्याच तत्त्वानें होतें. जर गुण संवयीनें येतो, जन्मानें नाहीं, तर ज्यास चांगली संवय लावून घेतां येते त्या प्रत्येकास तो येईल. आणि ज्यास संधीच दिली नाहीं, त्याच्या अंगीं शक्ति नाहीं असें म्हणणें, म्हणजे बैल सोडलाच नाहीं आणि तो ओढीत नाहीं म्हणून त्यास दोष देणें होय.

हें खंडन केवळ आम्हीच करितों असें नाहीं. ग्रीक विचाराच्या परंपरेंतच तें झालें. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत रोम येथें मुसोनियस रूफस नांवाचा स्तोयिक पंथाचा शिक्षक होता. त्यानें शिकविलें कीं, मुलींस मुलांप्रमाणेंच सद्गुणाचें शिक्षण द्यावें, आणि तत्त्वज्ञान्यास शेती व मेंढपाळी हे धंदे उत्तम शोभतात. शिष्यांनीं गुरूबरोबर शेतांत राबावें, म्हणजे तो बोलतो तसा वागतो कीं नाहीं तें त्यांस दिसेल. हेसिओडचा नांगर येथें पुन्हा मानास चढला.

ह्याच मुसोनियसचा शिष्य एपिक्टेटस. तो फ्रिगियांतील हायरापोलिस येथें जन्मला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत ह्या नगराचा उल्लेख आहे. तो दास होता आणि पायानें लंगडा होता. पुढें त्यास मुक्तता मिळाली, आणि रोमच्या बादशहानें तत्त्वज्ञान्यांस हांकून दिल्यावर त्यानें ग्रीस देशांत निकोपोलिस येथें शाळा चालविली. त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. आरियन नांवाच्या शिष्यानें त्याचीं भाषणें उतरून ठेविलीं. एकदां त्याच्या घरांतील देवांपुढचा लोखंडी दिवा चोरानें नेला. तो म्हणाला कीं, उद्यां मातीचा दिवा आणूं. ज्याच्याजवळ जें असतें तेंच त्याचें हरवतें. दिवा, शरीर, मान ह्या गोष्टी आपल्या हातच्या नाहींत. आपण काय निवडावें व कसें वागावें, एवढेंच आपल्या हातचें आहे, ही त्याची शिकवण. ज्याच्याविषयीं ॲरिस्टॉटलनें म्हटलें असतें कीं ह्यास विचार करून ठरवितां येत नाहीं, अशा ह्या दासानें निवड करण्याची शक्ति हीच मनुष्याचें सर्वस्व आहे असें जगास शिकविलें, आणि पुढें मार्कस ऑरेलियस बादशहा त्याचीं वचनें आदरानें वाचीत असे.

६. हे शब्द नव्या करारांत

अथेनै येथें पौलानें एपिकूर व स्तोयिक ह्या पंथांच्या लोकांशीं संभाषण केलें, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनांत जो 'सद्गुण' आहे तो अरेते हाच शब्द. फेलिक्स सुभेदारापुढें पौल ज्या संयमाविषयीं बोलला, आणि गलतीकरांस लिहितांना आत्म्याच्या फळांत त्यानें जो शेवटीं सांगितला, तो एंक्रातेया. एउदैमोनिया हा शब्द मात्र नव्या करारांत एकदांहि येत नाहीं. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत तिसऱ्या वचनापासून अकराव्यापर्यंत जो 'धन्य' शब्द नऊ वेळां आला आहे, तो माकारियोस होय. हाहि शब्द ग्रीक लोक सुखी मनुष्यास लावीत. परंतु येथें तो दीन, शोक करणारे व छळ सोसणारे ह्यांस लाविला आहे. ज्यांच्यासमोर ॲरिस्टॉटलनें दार लाविलें, त्यांचेंच नांव ह्या यादींत पहिलें आहे.

म्हणून ह्या पाठांतून आपण इतकें घरीं न्यावें : सुख नशिबाच्या वाटेकडे डोळे लावून बसल्यानें येत नाहीं, गुण एका दिवसाच्या निश्चयानें येत नाहीं, आणि प्रमाण म्हणजे अर्धवटपणा नव्हे. आज जें एक लहान काम नीट करावयाचें आहे, तें नीट करावें. उद्यां तें थोडें सोपें जाईल. आणि अमक्या जातीचा, अमक्या धंद्याचा, म्हणून ह्याच्या अंगीं गुण येणार नाहीं, असें कोणी म्हणेल, मग तो केवढाहि मोठा पंडित असो, तर त्यास निकोपोलिसच्या त्या लंगड्या दासाची गोष्ट सांगावी.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. "औषधाचा गुण आला" ह्या वाक्यावरून अरेते शब्दाचा अर्थ समजावून सांगा.
२. सोलोननें क्रीससचें नांव कां घेतलें नाहीं? आपल्या गांवांत सुखी कोणास म्हणतात, व तें कितपत बरोबर आहे?
३. वस्ताद सर्वांस सहा मीना अन्न कां देत नाहीं? ह्यावरून घरांतील निरनिराळ्या मुलांस शिस्त लावण्याविषयीं काय शिकतां येईल?
४. गुत्त्यावरून जाणाऱ्या चार मनुष्यांतील भेद सांगा. तिसऱ्यास मदत कशी करावी?
५. गुण संवयीनें येतो हें खरें, तर शेतकरी व दास ह्यांविषयीं ॲरिस्टॉटलचें मत कोठें चुकलें?